रेष सांगू नकोस

स्क्रूच्या कारखान्यात तपासणी विभागात तिला सगळे घाईबाई म्हणतात. जन्मापासून तिला फक्त उजेड-अंधार कळतो. पण दिवसाला चार हजार स्क्रू तिच्या बोटांखालून जातात आणि बिघडलेल्या आट्याचा एकही निसटत नाही.

शाळेत ती पोहायची. भिंत जवळ आली की शिक्षक काठावरून लांब काठीने डोक्यावर टपली मारायचे. ‘फुकटच्या टपल्या किती खायच्या?’ म्हणत तिने पाणी सोडलं आणि धावायला लागली. चौदा वर्षं चारशे मीटर धावली, पॅरालिम्पिकचं कांस्य आणलं. अडतिसाव्या वर्षी गुडघ्याने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, धावणं बंद.

“सायकल चालेल?” तिने तिथल्या तिथे विचारलं.

धावताना मनगटाच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला वहिनी असायची. दोघांच्या सायकलवर पुढच्या सीटवरही तीच आली. वहिनी टपाल वाटते, दिवसभर सायकलवरच असते. शोधाशोध करावी लागली नाही.

दोन वर्षांनी पॅरालिम्पिकची निवड चाचणी आली. लाकडी ट्रॅकच्या चार फेऱ्या, एक किलोमीटर, एक मिनिट दहा सेकंदांच्या आत. जमलं तर संघात जागा. नाही तर पुढची चार वर्षं घरी, आणि चार वर्षांनी घाईबाई चव्वेचाळीस. संधी दोनच. पहिली सकाळी झाली. आठ शतांश सेकंद जास्त.

“मागची दमली,” प्रशिक्षक सर म्हणाले. “शेवटी सायकल जड झाली.”

पुढची-मागची पेडलं एकाच साखळीने जोडलेली. पुढचीने कसूर केली की मागचीच्या तळव्याला लगेच कळतं. सर पाणी आणायला गेल्यावर घाईबाई म्हणाली, “वहिनी, तू पाय सोडलास.”

“मी? अगं, जीभ बाहेर आली होती माझी!”

“‘रेष!’ म्हणून ओरडलीस आणि सोडलास.”

वहिनीने कपाळावर हात मारला. धावण्याच्या शर्यतीत दोरी धरून वाट दाखवणाऱ्या गाईडने धावपटूच्या आधी रेष ओलांडली की दोघी बाद. म्हणून चौदा वर्षं रेष आली की वहिनी ओरडायची आणि अर्धं पाऊल मागे घ्यायची. ते अर्धं पाऊल तिच्या पायांत मुरलं होतं.

“मग आता सोडू नकोस. सोपं आहे,” परत आलेले सर म्हणाले.

“सोपं?” वहिनी उसळली. “वीस वर्षं नवऱ्याला सांगतेय, घोरू नकोस. खोड सांगून जाते होय?”

“तू रेष सांगूच नकोस,” घाईबाई म्हणाली. “बघूही नकोस. चाकाखालच्या काळ्या पट्टीवर नजर ठेव. आणि घंटा वाजली की एक फेरी उरते ना? आपल्या दोन उरतात असं धर.”

“आणि पाय गळाले तर?”

“माझे आहेत की!”

दुपारी तीनला दुसरी संधी. सुटताना सायकल डुगडुगली, मग सरळ झाली. पहिली फेरी, दुसरी. वळणावर उतार अंगाला दाबत होता, चाकांखाली फळ्या घरघरत होत्या. घंटा वाजली. घाईबाईच्या मांड्या पेटल्या, गुडघ्याने शिव्या घातल्या, पण पुढचं पेडल तिच्या पेडलाला खेचतच होतं. आता सुटेल, आता सुटेल, अशी तळवे वाट बघत होते. सुटलं नाही. आणखी एक वळण गेलं, मग आणखी एक. बाकांवरून आरडाओरडा झाला. दोघींनी आणखी जोर लावला.

“बास!” सर ट्रॅकच्या आतल्या बाजूने हात हलवत धावत होते. “झालं! केव्हाच झालं!”

“वहिनी, रेष गेली का गं?”

“मला काय विचारतेस? तूच म्हणालीस, बघू नकोस!”

“आता बघ की! वेळ किती?”

या सायकलला ब्रेक नसतो. वेगाबरोबर पाय फिरतच राहतात. वहिनीने मान वर केली, तोवर वेळेचा फलक मागे गेला होता. आता वाचायचं तर पूर्ण फेरी मारायला हवी होती.

“मार पाय!” घाईबाई ओरडली.

फलक समोर आला तशी वहिनी किंचाळली, “एक... नऊ... एकसष्ट!”

“नीट वाच! चष्मा घातलायस ना?”

“एक मिनिट नऊ! एकसष्ट! आत आहोत आपण, आत!”

घाईबाईने पाठीमागून तिच्या पाठीवर असा धपाटा घातला की सायकल पुन्हा डुगडुगली.