चांगल्या घरची गाडी

तुमच्याच वयाच्या, तुमच्याच घरातल्या माणसानं तुमच्याआधी गाडी घेतली, तेव्हा त्याच्या हातचा पेढा तुम्हाला खरंच गोड लागला होता का? मला नाही लागला. शिवाय तो व्यवहार मी एका ओळीत थांबवू शकत होते, हे मला ठाऊक होतं.

शिरूरच्या मार्केट यार्डाजवळ एका विमा एजंटाच्या ऑफिसात मी काम करते. दिवसभर गाड्यांच्या पॉलिसी भरते, संध्याकाळी लिहिते. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, हुंड्याविरुद्ध, जातीविरुद्ध, घराण्याच्या तोऱ्याविरुद्ध जन्मभर पत्रकं काढली. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. माझा पहिला लेख छापून आला तेव्हा आप्पांनी त्यातल्या दोन चुका दाखवल्या आणि जेवायला बसले.

माझा चुलतभाऊ भांडगावला असतो. माझ्याहून चार महिन्यांनी लहान, कारखान्यात सुपरवायझर. त्यानं जुनी गाडी घ्यायचं काढलं आणि आप्पा रोज त्याला फोन करू लागले. रंग कुठला, डिकी केवढी, सीटला कव्हर आहे का! मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते आणि जळत होते. जगात समता आणायला निघालेला माणूस एका डिकीसाठी इतका खूश?

गाडी कोरेगाव भीमाच्या एका निवृत्त मास्तरांची होती. आम्ही तिघं गेलो. आमच्याकडे मुलीला स्थळ बघतात, तशी गाडी बघतात. मूळ गाव कुठलं, मुलं काय करतात, घरात कुणी पिणारं आहे का. पोहे झाले, चहा झाला, बॉनेट काही उघडलं नाही.

"माळकरी घर हाय," परतताना भाऊ म्हणाला. "अशा मानसाकडं काय काय मागायचं? आपल्यालाच लाज वाटती."

"घर चांगलं हाय," आप्पा म्हणाले. घराण्याविरुद्ध पत्रकं काढणारे आप्पा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बुधवारी भावानं मोबाइलवर जुन्या पॉलिसीचा फोटो पाठवला. "ताई, तू विम्यातली. यात काय हाय का बघ गं."

होतं. नो क्लेम बोनसच्या रकान्यात शून्य. क्लेम न घेणाऱ्याला ही सूट दरवर्षी वाढत जाते. चार वर्षांच्या गाडीला शून्य, म्हणजे आदल्या वर्षी क्लेम झालेला. अपघाताचं नुकसान तपासणाऱ्या एका ओळखीच्या सर्व्हेअरला गाडीचा नंबर दिला. तासाभरात त्याचा फोन आला, "पुढून जोरात ठोकलेली आहे. एअरबॅग उघडल्या होत्या. परत बसवल्यात की नाही, सांगता येत नाही."

मी भावाला सगळं टाइप केलं, पुसलं, आणि लिहिलं, "ठीक आहे."

का? त्यानं गाडी घ्यावी, हार घालावा, भावकीत मिरवावी, आणि मग चार लोकांत ती ठोकलेली निघावी, असं मला वाटत होतं. फोटोचं आप्पांना ठाऊक नव्हतं; तेव्हा तरी ते म्हणतील, आपल्या पोरीला विचारायला पाहिजे होतं. मी त्या वाक्याची वाट बघत होते.

रविवारी भाऊ गाडी घेऊन शिरूरला आला. हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, सगळं.

"आप्पा, तुमी पुढं बसा. हायवेला जरा पळवून बघू."

"पळीव की! मी काय भितोय व्हय?"

इस्त्रीचा शर्ट घालून आप्पा पुढं बसले, दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवले आणि हसले. तसं हसू माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. आधी मला त्या हसण्याचाच राग आला. मग ते हात दिसले, आणि त्यांच्यापुढचा डॅशबोर्ड दिसला.

"किल्ली काढ," मी मागच्या सीटवरून ओरडले.

"काय झालं? उलटी-बिलटी व्हायलीय का?"

"गाडी ठोकलेली आहे. पुढच्या एअरबॅग नसतील."

भाऊ मागं वळला. "तुला कवा कळलं?"

"बुधवारी."

"काल माझी पोरगी ह्याच सीटवर बसून आली, ताई."

आप्पा खाली उतरले. मला हवं होतं ते वाक्य त्यांनी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात डॅशबोर्ड उघडला. आत पोकळी होती आणि धोक्याचा दिवा लागू नये म्हणून एक तार जोडलेली होती. भावानं मास्तरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही गाडीचं विचारलं कुठं? आमच्या घरचं विचारलंत. ते मी सगळं खरं सांगितलं."

मास्तरांवर एक जळजळीत लेख लिहायला मी बसले. दोन ओळींत थांबले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं.

भावानं नव्या एअरबॅग बसवून घेतल्या. विमा तो आता दौंडच्या एजंटाकडून काढतो. त्याची गाडी दारात आली की माझ्या पोटात अजूनही दुखतं, हे लपवत नाही.

म्हणून एवढं करा. जुनी गाडी घेताना मालकाचं घराणं विचारू नका. मागच्या पॉलिसी मागा, बोनस शून्य असेल तर कारण विचारा, वर्कशॉपात नेऊन गाडी उघडून बघा. आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीबद्दल तुम्हाला काही कळलं असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि आत्ताच्या आत्ता त्याला फोन लावा. त्याचा कितीही हेवा वाटत असला तरी.