वरच्या शेतावरचं शीट

मी निघालो त्या दिवशी माझ्या वडलांनी, आबांनी, किन्हवलीच्या स्टँडवर लाइनीला लावलेली जीप बाहेर काढली आणि एकही पॅसेंजर न घेता मला थेट विमानतळावर नेलं. आबांची जीप अशी रिकामी धावताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मागच्या बाकावर आई, तिच्या मांडीवर नाचणीच्या पिठाचा डबा. माझी बायको संगीता आधीच पुढं गेली होती. ती टोकावड्याची, शिकून नर्स झालेली, इंग्लंडच्या हॉस्पिटलात लागलेली. मी आठवीतून शाळा सोडून जीपच्या दारात लोंबकळत मोठा झालेला, तिच्या व्हिसावर चाललेलो. स्टँडवरचे दोस्त सोडतात काय?

"काय रं, बायकोच्या पदराला धरून चाल्लास?"

"तिकडं तुला कोन गाडी देनार? भांडी घास!"

आबा वाटेत एवढंच म्हणाले, "गाडी कोनाची पन असू दे, शीट आपलं असतं."

शीट म्हणजे पॅसेंजर. तुम्हा गावच्या माणसांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे दुसरीकडून बाहेर पडलेलेही हे वाचतील. आमच्याकडे जीपवाला माणसं मोजत नाही, शीट मोजतो. "शेणव्याची दोन शीट घेतली," म्हणतो. एकदा शीट म्हटलं की त्याला दारापर्यंत पोचवणं आलं. त्याची पिशवी, कोंबडी, म्हातारपण, सगळं धरून.

इथं आल्यावर पहिला हिवाळा मी खरंच भांडी घासली, एका हॉटेलात. लायसन्सच्या लेखी परीक्षेची मला भयंकर धास्ती होती. संगीता ड्युटीवरून सुजलेल्या पायांनी यायची आणि पाय गरम पाण्यात सोडून मला रस्त्याच्या पाट्या विचारायची. तिचे उपकार फिटायचे नाहीत. पास झालो तेव्हा तिनंच आमच्या गल्लीतल्या चर्चच्या फादरांना सांगितलं, "माझा नवरा डोंगरातला ड्रायव्हर आहे." चर्चकडे आठ माणसांची गाडी होती आणि ती चालवणारे गृहस्थ थकले होते. रविवारी म्हाताऱ्या माणसांना प्रार्थनेला आणायचं, बुधवारी हॉलमध्ये जेवणाला आणायचं, परत सोडायचं. मी म्हटलं, फादर, मी हिंदू आहे. ते म्हणाले, "गाडीला चालेल ना?"

गावातल्या गावात सगळं ठीक चाललं. प्रश्न होता डोरीनबाईंचा. त्या लांब वरच्या शेतावर एकट्या राहत. नवरा वारल्यापासून त्यांचं चर्चला येणंच तुटलं होतं. रस्ता अरुंद, चढाचा, आपल्या माळशेजच्या पोराला काहीच नाही. पण चर्चच्या कमिटीचं म्हणणं, एका बाईसाठी एवढा वळसा कशाला? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत हट्ट धरला. शेवटी फादर म्हणाले, करून बघू.

पहिल्या रविवारी डोरीनबाई मोत्यांची माळ घालून दारात उभ्या. मी हात धरून चढवलं, पट्टा लावला. चर्चच्या दारात फादर आणि बरीच माणसं. मला काय आनंद झालेला! बाकीच्यांना उतरवलं आणि स्टँडवर ओरडावं तसा ओरडलो, "फादर, ऑल शीट डाऊन! ओन्ली वन ओल्ड शीट इन गाडी!"

कोणीतरी खोकलं. डोरीनबाईंचा चेहरा लाल झाला.

रात्री संगीताला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! दीर्घ म्हणालास का ऱ्हस्व?"

शाळेत ऱ्हस्व-दीर्घापायी मी छड्या खाल्ल्यात. घाईच्या तोंडात वेलांटी ऱ्हस्व झाली होती, आणि ऱ्हस्व झाली की इंग्रजीत तो शब्द परसाकडचा होतो. मी भर चर्चच्या दारात त्या बाईला म्हातारी घाण म्हणालो होतो.

पुढच्या शनिवारी फादरांचा फोन. डोरीनबाई म्हणाल्या होत्या, गाडी पाठवू नका, माझा सगळ्यांना त्रास होतो. मला जेवण जाईना. गाडी काढून घेतील ही भीती होतीच, पण जास्त लागलं ते हे की माझ्या एका शब्दानं बाई परत घरात कोंडली. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर निघून वर गेलो. त्यांनी दार थोडंसंच उघडलं. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगत सुटलो. आबा, जीप, किन्हवली, शेणव्याची दोन शीट. म्हटलं, आमच्याकडे ज्याला घरी पोचवल्याशिवाय ड्रायव्हर जेवत नाही त्याला शीट म्हणतात. हे मी जरा वाढवून सांगितलं. आबा मधेच भजी खायचे.

बाई ऐकत राहिल्या. मग चौकट धरून इतक्या हसल्या की मला वाटलं पडतात. म्हणाल्या, "माझा नवरा मला याहून वाईट हाक मारायचा. थांब, कोट घालते."

चर्चच्या दारात उतरताना कमिटीच्या मंडळींसमोर त्यांनी मान ताठ केली आणि मोठ्यानं सांगितलं, "मी याचं शीट आहे." दीर्घ. त्या दिवसापासून वरच्या शेताच्या वळशावर कोणी बोललं नाही. आता गाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या चढताना आपापला नंबर सांगतात, "शीट टू!" आणि मी आरशात बघतो तेव्हा छाती फुगते, खोटं कशाला बोलू.

यंदा सुट्टीवर गावी आलो होतो. आबा स्टँडवर प्रत्येकाला धरून सांगत होते, "आमचा पोरगा तिकडं देवाच्या गाडीवर हाय." तेच दोस्त मला चहा पाजत होते. मी मात्र आतून अस्वस्थ. बदली ड्रायव्हर चढाला घाबरतो, त्यामुळे मी नसताना गाडी वरच्या शेतावर जात नाही, हे ठाऊक होतं. डोरीनबाईंची सगळी गोष्ट आईला आल्या दिवशीच सांगितली होती.

जेवताना तोंडून निघून गेलं, "आई, सोमवारी घरी जायचंय."

आपल्याच घरात, आपल्याच पाटावर बसून मी असं म्हणालो. घास हातातच राहिला. वाटलं, आईला लागलं असणार. आईनं भाकरी उलटली, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जा रे बाबा. ती म्हातारी कोट घालून खोळंबली आसंल."