साखरेतलं नाक

आमचे हे कित्येक वर्षांपासून ‘भावी नगरसेवक’ आहेत. उदगीरच्या आमच्या चौकात दर सणाला यांचा फलक लागतो. हात जोडलेले, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि खाली शुभेच्छुक म्हणून ज्या पोरांची तोंडं असतात त्यांतल्या एकाचंही मतदार यादीत नाव नाही. ‘भावी’ हा शब्द इतका जुना झालाय की नवीन माणसाला ते यांचं आडनावच वाटतं.

भावी माणसाला कामधंदा नसतो. धंदा माझा आहे. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं लाकूड कोरायचं मशीन आहे, कॉम्प्युटरवर चालणारं. ते मी लातूरला जाऊन-येऊन शिकले. देवघराचे कळस, डब्यांच्या झाकणांवरची नक्षी, पाडव्याच्या आधी साखरेच्या गाठ्यांचे साचे, अशी बारीक कामं मी घेते. दरवाजे आणि पलंग घेत नाही. मोठ्या कामात चूक खपून जाते. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात केसभर चुकलं तरी डोळ्यात खुपतं, आणि मला तेच आवडतं. यांचं मत विचाराल तर, “त्यात काय हाय? बटन दाबलं की झालं!” लाकडाची शीर कोणत्या अंगाला आहे, कोरायचं बिट किती झिजलंय, फळी हलू नये म्हणून कुठं आवळायची, हे सगळं बहुतेक बटनच ठरवत असावं.

मग नगरपालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांना सुटला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हसत शेडमध्ये आले आणि म्हणाले, “तू उभी राहायचीस.”

मला हसू आलं, पण आतून बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू? आमच्या गल्लीतल्या नाल्यापासून नळापर्यंत बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. तेवढ्यात यांनी पुढचं सांगितलं. “आन् निवडून आलीस की हे मशीन काढायचं. नगरसेविका भुशात बसली तर लोक काय म्हणतील? नांदेडचं गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी.” मिटिंगला हे जाणार आणि हे सांगतील तिथं मी सह्या करणार, हेही ठरलं होतं.

मशीन गेलं तर मी दिवसभर करायचं काय, यांच्या फलकावरच्या पोरांच्या कपबश्या विसळायच्या? मी म्हणाले, “मशीन इकणार असाल तर मी उभी राहत न्हाई.”

“बघू की ते मागनं,” म्हणत हे बाहेर पडले. यांचं ‘बघू’ म्हणजे ठरलेलं असतं. नांदेडचा माणूस पाडवा झाला की मशीन बघायला येणार होता.

आता प्रचार. यांच्या डोक्यातून निघालं की पाडव्याला घरोघर गाठी वाटायची. गुढीला घालतात आणि लेकरांच्या गळ्यात घालतात ती साखरेच्या पदकांची माळ. नवीन काय, तर मधल्या मोठ्या पदकावर चेहरा पाहिजे. मी विचारलं, “माझा?”

“तुझा कशाला? माझा. मला लोक वळखतात. तुला कोण वळखतंय?”

म्हणजे उभं मी राहायचं, तोंड यांचं, आणि ते तोंड कोरायचंही मीच. मी बरं म्हणाले. बाईच्या वाट्याला पदर आणि पुरुषाच्या वाट्याला पद, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे, त्यात नवीन काय!

साचा म्हणजे सागवानाच्या दोन फळ्या. त्या पाण्यात भिजवून बांधायच्या, मध्ये दोरा धरायचा आणि वरून पाक ओतायचा. साच्यात सगळं उलटं असतं, नाक जितकं पुढं तितका खड्डा खोल. खड्ड्याच्या भिंतीला उतार नसला तर साखर आत धरून बसते. म्हणून मी यांचं नाक थोडं बसकं करून कॉम्प्युटरवर दाखवलं. हे भडकले.

“हे कुणाचं नाक हाय? फोटोत हाय तस्संच पाहिजे.”

“अहो, साखर निघायची न्हाई.”

“माझं नाक कमी करायचं न्हाई म्हणजे न्हाई!”

केलं मग तसंच. सगळ्यात बारीक बिट लावलं आणि सावकाश कोरत गेले. मिशीचा केस न् केस आला, गालावरचा तीळ आला, आणि नाक असं सरळ खोल उतरलं की मला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं. काम चोख झालं होतं. माणूस कसाही असो, कामात मी कसूर करत नाही.

गल्लीतल्या गाठीवाल्या मावशींनी साचा भिजवला, पाक ओतला, फळ्या उघडल्या. मिशी आली, तीळ आला, नाक नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मावशी साच्यात डोकावून म्हणाल्या, “मालक, तुमचं नाक आतच राहिलंय की ओ.”

हसू दाबताना माझे डोळे भरून आले. हे माझ्यावर ओरडले, “तूच काहीतरी केलंस!” बघा, इतकी वर्षं मशीन बटनावर चालत होतं. काम बिघडलं त्या दिवशी ते मी चालवते हे यांना कळलं. उतार देऊन दुसरा साचा करते म्हणाले, तर बसक्या नाकाला यांचा नकार. शेवटी, “साखर हाय, लोक खातील,” म्हणून बिननाकाच्याच गाठ्या टोपलीत भरल्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही वाटायला निघालो. पुढं हे, मागं पोरं, आणि सगळ्यात मागं, डोक्यावर पदर घेऊन, उमेदवार. पलीकडच्या गल्लीत पहिल्याच दारात एक म्हाताऱ्या काकू बसल्या होत्या. यांनी गाठी हातात दिली आणि चेहरा दिसेल असं उभे राहिले.

काकूंनी पदक डोळ्यांजवळ नेलं. “मारुतीराया हाय का?” म्हणत त्यांनी ते कपाळाला लावलं.

“मी हाय, काकू!”

“तुमी? बाईची जागा हाय म्हणत होते न्हवं? उभं कोण हाय मग?”

“ही. आमची मंडळी.” यांनी मला पुढं ओढलं.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचं तोंड एकदम फुललं. “अगं बाई, तू व्हय! हिला वळखत न्हाई का मी? माझ्या नातवाच्या पाळण्याचा राघू हिनं करून दिला. जुने तीन होते, चौथा हरवलेला. आता कोणता नवा ते मलाबी सांगता येत न्हाई बघ!” आणि मग हात धरून काळजीनं म्हणाल्या, “पर तू तिकडं गेल्यावर मशीन बंद करशील का गं? सुनेच्या मसाल्याच्या डब्याचं झाकण नक्षीला आणणार होते मी.”

मी काही बोलायच्या आत हे वाकून म्हणाले, “छे छे, काकू! मशीन कशाला बंद पडतंय? जल्मभर चालवंल ही, माझा शब्द हाय.”

मतासाठी माणूस काय वाटेल ते कबूल करतो. यांच्यामागची सगळी पोरं ते ऐकत होती, शेजारची दारं उघडी होती.

पुढच्या दारात मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि यांच्या पुढं जाऊन उभी राहिले. यांनी गाठी काढायच्या आधीच सांगून टाकलं, “ताई, मी उभी हाय. आन् माझं मशीन चालू राहणार हाय, ह्यांनी शब्द दिलाय.” मग मागं वळून यांच्याकडं पाहत राहिले. यांनी हो म्हणून मान हलवली. दारादारात मी तेच सांगत गेले, आणि त्या गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत यांची मान हलत होती.