शाल आणि डोळ्यांचे थेंब

गेवराईजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात मी वेटर होतो. पगार किराण्यातच जायचा. वरचा खर्च गिऱ्हाईक बडीशेपेच्या बशीत जे ठेवील त्यावर चालायचा. त्या दिवशी आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब संपले होते.

दुपारी कुठलासा सत्कार घेऊन परतणारे एक पुढारी ताफ्यासह उतरले. मालकाने माझी बाकीची टेबलं दुसऱ्याला दिली आणि मला साहेबांच्या मागे उभं केलं. अर्धी दुपार मी भाकरी वाढत राहिलो. बडीशेप चघळताना साहेबांना कष्टकऱ्यांची आठवण झाली. गाडीतल्या ढिगातली एक शाल मागवून त्यांनी माझ्या खांद्यावर घातली. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. बशीत फक्त बडीशेप उरली. मे महिना होता.

मी मालकाकडे उचल मागितली. तो म्हणाला, "का रं? आत्ताच तर तुझा सत्कार झाला. वरून पैसे बी पायजेत?"

घरी आईने शाल बोटांनी चाचपली. "लई मऊ हाय," ती म्हणाली. "अन् थेंब?"

उद्या आणतो, म्हणालो. उद्या कुणाचा सत्कार नसावा, एवढंच मनात होतं.