वहीवाला कोल्हा

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या वाचनालयात दर शनिवारी एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई मुलांना गुलामगिरीत जगलेल्या आपल्या पूर्वजांनी रचलेल्या धूर्त सशाच्या गोष्टी सांगत. एकदा व्यवस्थापिकेने बजावले, "गुलाम, मालक हे शब्द वगळा, नाहीतर कार्यक्रम बंद." मुलांच्या आनंदात इतिहासाने व्यत्यय आणू नये, ही काळजी योग्यच होती.

बाईंनी नम्रपणे मान डोलावली, सावकाश चष्मा पुसला आणि गोष्टीतल्या मालकाच्या जागी एक कोल्हा आणला. तो वही घेऊन इतरांच्या गोष्टी तपासत असे. सशाने त्याला चिखलात लोळवले. मागे वही घेऊन बसलेल्या व्यवस्थापिकेने हसत हसत सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

"आजी, तो फॉक्स म्हणजे त्या आंटी ना?" माझी नात माझ्याकडे झुकून कुजबुजली.

ते ऐकून बाईंनी ओठांवर बोट ठेवले. "मालकही असेच हसत," त्या मला म्हणाल्या, "म्हणून तर या गोष्टी टिकल्या."