एम्पोक मैसारोचं गाव

जकार्ताला लागून असलेल्या आमच्या बेकासीत नवा माणूस भेटला की नाव नंतर विचारतात, आधी गाव विचारतात. मी सांगते वोनोगिरी. शेजारचे युस्रिझाल सांगतात पाडांगच्या पुढे, समुद्राकाठी. समोरची तेगालची, कोपऱ्यावरचा थेट मेदानचा. इथं जन्मलेली आमची पोरंसुद्धा बापाचंच गाव सांगतात, जिथं त्यांना दोन दिवस धड राहवत नाही. नोकरी जकार्तात, झोप इथं आणि गाव तिसरीकडेच. बेकासी हे कुणाचंच गाव नाही, असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं होतं.

भातवाली मैसारो भेटली त्या पहिल्याच दिवशी मी तिला हे विचारलं, तेव्हा ती वसाहतीच्या फाटकाशी गाडी लावून केळीच्या पानात भात बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "हेच."

"हेच म्हणजे?"

"तुम्ही उभ्या आहात ना बू, तेच." इथं बाईमाणसाला मानानं बू म्हणतात.

मला वाटलं, बाई चेष्टा करतेय. मला चेष्टा सोसत नाही, म्हणून मी भात न घेताच निघाले. दुसऱ्या दिवशी मात्र वासानं परत आले. नारळाच्या दुधात शिजवलेला तिचा भात, वर तळलेलं, आंबवलेल्या सोयाबीनचं तेंपे आणि शेंगदाण्याची झणझणीत चटणी, हे खाल्ल्याशिवाय आमच्या वसाहतीतला एक माणूस कामाला जात नसे. थोरल्या बहिणीला इथले मूळचे बेतावी लोक एम्पोक म्हणतात. तिला सगळेच एम्पोक म्हणायचे, तिच्यापेक्षा वयानं मोठे युस्रिझालसुद्धा.

वसाहतीचं नाव रंबुतान पार्क. आत रंबुतानचं, म्हणजे त्या केसाळ लिचीचं, झाड औषधालाही नाही. जी होती ती तोडूनच आमची घरं झाली. एकच झाड राहिलेलं, तेही भिंतीपलीकडे, मैसारोच्या अंगणात. त्याच्या फांद्या आमच्या बाजूला यायच्या आणि फळं लाल झाली की आमची पोरं काठ्या घेऊन जमायची. ती पलीकडून शिव्या घालायची आणि शिव्या घालता घालता घोसच्या घोस भिंतीवरून फेकायची.

ही सगळी जमीन तिच्या बापाची आणि त्याच्या भावंडांची. बापानं हजला जायला एक तुकडा काढला, थोरल्याच्या लग्नाला दुसरा. मग पोरांना मोटरसायकली हव्या झाल्या आणि तुकडे भराभर गेले. बाप गेला, भावंडं जिकडे तिकडे पांगली, नवराही गेला. उरलं ते एक झाड, एक कौलारू घर आणि मैसारो.

तिच्या पायाला भिंगरी होती. बसली तरी टाच हलत राहायची. पण उगीच बाईला दोष कशाला द्यायचा, हे शहर तिला बसू देईल तर ना. तिची गाडी आधी गल्लीच्या तोंडाशी असायची. रस्ता रुंद झाला, ती मागे सरली. मग वरून जाणाऱ्या रेल्वेचे खांब आले, ती डावीकडे गेली. खांबांच्या सावलीत जरा बरं चाललं होतं, तोवर उंच इमारतीचं काम निघालं आणि पत्रे ठोकले गेले. शेवटी ती आमच्या फाटकाशी आली. जकार्ताचे लोक आम्हाला चिडवतात, बेकासीला जायचं तर पासपोर्ट लागतो म्हणून. मैसारो म्हणायची, त्यांना सांगा, मी हललेली नाही, बेकासीच माझ्या खालून सरकतेय.

ईद जवळ आली की तिची वेगळीच धांदल सुरू व्हायची. आम्ही सगळे गावी निघायचो आणि जाताना घराची चावी तिच्याकडे टाकायचो. दुसरं होतं कोण? तिला कुठं जायचं नव्हतं. ती प्रत्येक चावीला जुन्या लुंगीची वेगळी चिंधी बांधायची. तपकिरी फुलांची माझी, हिरव्या रेघांची युस्रिझालची. संध्याकाळी घराघरात दिवे लावायची, पिंजऱ्यातल्या पाखरांना दाणे घालायची, कुंड्यांना पाणी. आम्ही परतताना तिच्यासाठी गावचा खाऊ आणायचो. सगळ्यांच्या गावचा खाऊ एकदम आला की तिला तो ठेवायला जागा पुरायची नाही. म्हणायची, "मी घर सोडलं नाही, पण सगळा मुलूख फिरून आल्यासारखं पोट बिघडलं."

मला तिची कीव यायची. ईदला जायला ज्याला गाव नाही, त्याचं कसलं जिणं, असं मी नवऱ्याला बोलूनही दाखवायची.

मग एका वर्षी माझ्या नवऱ्याची, वागिमानची, मोटरसायकल घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. आमचं जाणं रद्द. बेकासी रिकामी झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. रस्त्यावर हॉर्न नाही, गल्लीत पोर नाही, दुकानांची शटरं खाली. मला घरात बसवेना आणि बाहेर जावं तर जायचं कुठं, तेही कळेना. उभी हयात इथं घालवून ईदच्या वेळी या शहरात काय करायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. चिडचिड व्हायला लागली. ईदच्या आदल्या दिवशी मैसारो चाव्यांचा जुडगा आणि हातात तीन पुडांचा डबा घेऊन निघालेली दिसली, तशी मी चपला घातल्या आणि म्हटलं, मीपण येते.

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "चला. पण मधेमधे बोलू नका."

आधी युस्रिझालचं घर. तिनं दिवा लावला, कुंडीला पाणी घातलं आणि मग टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. डबा जमिनीवर ठेवला, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि हळू आवाजात सलाम केला. म्हणाली, "चुकलंमाकलं माफ करा, आत्या." क्षणभर थांबली, डबा उचलला आणि बाहेर पडली. पुढच्या घरी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी तेच. तिथं थोरल्या चुलत्याचं घर होतं. त्याच्या पुढच्या घरी तर ती बाथरूमच्या दाराशी उभी राहून सलाम करायला लागली आणि मला हसू फुटलं. तीही हसली. म्हणाली, "हसा. आमच्या आजोबांची इथं विहीर होती. विहिरीशीच बसलेले असायचे."

आणि मग माझं हसू आटलं. बेतावी लोकांत ईदच्या आधी वडीलधाऱ्यांकडे डबा घेऊन जायची रीत आहे, हे मला माहीत होतं. डबा घेऊन, माफी मागून, आशीर्वाद घेऊन यायचं. वडीलधारे मातीत गेले होते आणि त्यांची घरं आमच्या फरशांखाली, पण मैसारो रीत सोडायला तयार नव्हती. इतकी वर्षं आम्ही समजत होतो, ती आमची घरं राखते. ती तर गावी जात होती. चावी आम्ही द्यायचो, एवढंच.

फिरून फिरून माझ्याच दाराशी आलो. मी विचारलं, "आणि माझ्या घराच्या जागी काय होतं?"

"म्हशींचा गोठा," ती म्हणाली.

मला आला राग. सगळ्यांना आत्या आणि चुलते, आणि मला म्हशी. तिनं डबा माझ्या पायरीवर ठेवला, म्हणाली, रोजा सोडताना दोघं खा, दादांना बरं नाही. मी डबा आत नेला. म्हशीचं मटण तिनं फर्मास केलं होतं, त्यामुळे राग फार टिकला नाही.

ईदच्या दिवशी तिचा मुलगा नामिन आला. तो कारावांगच्या कारखान्यात, तिथंच त्याचं घर, बायको, पोरं. मी तिच्या अंगणात होते. वसाहतीच्या मालकांना दुसरं फाटक काढायचं होतं आणि त्यासाठी हा शेवटचा तुकडा हवा होता. नामिननं शब्द देऊनही टाकला होता. मुलगा वाईट नव्हता. आमची वसाहत भर घालून उंच केलेली, त्यामुळे पाऊस पडला की सगळं पाणी मैसारोच्या घरात. मागच्या पुरात तो खांद्यावर आईला घेऊन छातीभर पाण्यातून गेला होता, ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

तो आईला म्हणाला, "न्याक, इथं आता राहिलंय काय? एक झाड आणि एक गळकं छप्पर."

"आणि चाव्या."

"लोकांच्या घरांच्या चाव्या, न्याक. लोकांच्या."

आईची हलती टाच थांबली. मी मधे पडले, म्हटलं, नामिन, जरा सबुरीनं घे. तर तो माझ्याकडे वळला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "बू, पुढच्या पुरात तुम्ही ठेवाल का हिला तुमच्याकडे?" मी लगेच हो म्हणायला हवं होतं. म्हटलंही, पण तोवर तो मान खाली घालून चहा ढवळत बसला होता आणि मैसारो रंबुतानकडे बघत होती.

तिनं सही केली. जायच्या दिवशी चाव्या ज्याच्या त्याला परत दिल्या, चिंध्यांसकट. झाड दुसऱ्या दिवशी पाडलं. फाटक झालं, त्यावर कॅमेरे बसले, गणवेशातले पहारेकरी आले. भाताच्या गाडीच्या जागी मोबाइलवरून जेवण मागवलेली पोरं हेल्मेट घालून उभी राहायला लागली. सुरुवातीला लोक एम्पोकची आठवण काढायचे. मग निम्मे भाडेकरू नवे आले, त्यांना कोण एम्पोक आणि कसलं काय. फोनवर मी तिला विचारायची, कारावांगला कसं वाटतं. म्हणायची, "सगळं आहे बू. सून चांगली आहे, घर कोरडं आहे. फक्त नवीन कुणी भेटलं की विचारतात, गाव कुठलं."

"मग काय सांगतेस?"

"सांगते बेकासी. हसतात. बेकासी काय कुणाचं गाव असतं का, म्हणतात."

मीही तेच म्हणत आले होते, म्हणून मी विषय बदलला.

पुढच्या ईदला आम्ही वोनोगिरीला निघालो. वागिमानचा पाय बरा झाला होता, पण त्याला सुट्टी उशिरा मिळाली, त्यामुळे आदल्या दिवशी सकाळी ऐन गर्दीत सापडलो. महामार्गाच्या सगळ्या लेन एकाच दिशेनं सोडलेल्या आणि तरीही गाड्या मुंगीच्या पावलानं. उपास, ऊन आणि नवऱ्याचा चढलेला पारा. वोनोगिरीला तरी आमचं कोण होतं? आईवडील गेले, घर भावानं विकलं. भाच्याच्या घरी पुढच्या खोलीत चटई टाकून झोपायचं, भाचेसुनेची तोंडं बघायची आणि परत यायचं. तरी दरवर्षी आम्ही जीव खाऊन निघायचो. का निघतो, हे कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी खिडकीतून बघताना विचारलं, मनातल्या मनात.

तेवढ्यात वसाहतीच्या फाटकावरून फोन आला. पहारेकरी नवीन होता. म्हणाला, एक बाई आलीय, हातात जेवणाचा डबा आहे. कुणाकडे जायचं विचारलं तर आधी म्हणाली गावी आलेय. तसं लिहिता येत नाही, घर क्रमांक सांगा म्हटल्यावर तुमचं घर सांगितलं. तुम्ही तर घरी नाही. परत पाठवू का?

"तिला फोन दे," मी म्हटलं.

मैसारोला धाप लागली होती. कारावांगहून दोन गाड्या बदलून आली होती, मुलाला न सांगता. मी कपाळावर हात मारला. चावी माझ्या पर्समध्ये, तपकिरी चिंधी अजून तशीच, आणि पुढेमागे गाड्यांची भिंत. वळायला जागा नाही, वळलं तरी उलट जायला रस्ता नाही. मी तिला म्हटलं, "अगं, कळवायचं तरी. चावी माझ्याजवळ आहे. आत जाणार कशी तू?"

"चावी नको, बू. मला आत कुठं जायचंय. तुमच्या पायरीवर बसते जराशी."

"पायरीवर कशाला? आणि युस्रिझालकडे आत्या, पलीकडे चुलते. ते सोडून माझ्याकडे म्हशींच्या गोठ्यात?"

तिच्या मागे पहारेकरी कुणाच्या तरी गाडीला शिट्टी मारत होता.

"म्हशी नव्हत्या तिथं," ती म्हणाली. "आमचं घर होतं. तुमची पायरी आहे ना, तिच्याखाली आईनं माझी नाळ पुरली. मडक्यात घालून, वर दिवा लावून. नामिनचीही तिथंच आहे. मी नाही सांगितलं. म्हटलं, तुम्ही तापट, पण मनानं हळव्या. रोज येता-जाता पाय ठेवायला जड जाईल तुम्हाला."

मागच्या ईदला डबा फिरून फिरून शेवटी माझ्याच पायरीवर का आला, ते आता कळलं. त्या पायरीवर मी चपला काढत होते, भाजी निवडत होते, भांडणं करत होते.

पहारेकऱ्यानं फोन परत घेतला आणि विचारलं, काय करू, नोंद काय करू, पाहुणी लिहू का.

"पाहुणी नाही ती," मी म्हटलं. "तिला आत सोड. बसेल तेवढा वेळ बसू दे. कुणी हटकलं तर मला फोन लाव."

वागिमाननं स्टीअरिंगवर बोटं आपटत विचारलं, कोण होतं.

"घरमालकीण," मी म्हटलं. "गावी आलीय."

त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. पुढची गाडी जराशी हलली, आम्हीही हललो, आणि परत थांबलो.