ट्रम्पेटमधली हाक

जॅझ ऐकायला आम्ही तिघे-चौघे रविवारी आमच्या एका वयस्कर स्नेह्यांच्या घरी जमतो. कॅसेट लावण्याआधी ते पंखा बंद करतात. रत्नागिरीच्या उकाड्यात आम्ही घामाने निथळतो, पण कोणी खोकलेलंही त्यांना खपत नाही. डोळे मिटून ट्रम्पेट कोण वाजवतोय ते ओळखायचं. चुकलं की म्हणतात, "कान घरी ठेवून आलास काय रे?"

त्यांची एक कॅसेट रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली होती. ट्रम्पेट ऐन रंगात असताना त्यांच्या बायकोची हाक यायची, "अहो, भात निवला." लगेच यांचं खेकसणं, "गप्प गो!" तिथे ते दरवेळी कपाळाला आठ्या घालत, वहिनी वारल्यानंतरही. एवढं चांगलं रेकॉर्डिंग फुकट गेलं, असं आम्हालाही वाटायचं.

कॅसेटला बुरशी धरली, तेव्हा आमच्यातल्या लांज्याच्या मित्राने ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि हौसेने ते दोन्ही आवाज पुसून टाकले. नंतर जुनी फीत टेपमध्ये गुंतून तुटली.

नवं ऐकून ते एवढंच म्हणाले, "स्वच्छ झालंय."

हल्ली दर रविवारी तेच लावतात. ती जागा आली की मिटल्या डोळ्यांनी स्वतःच पुटपुटतात, "अहो, भात निवला."

पुढचं मात्र म्हणत नाहीत.